जुन्या बुलेटचा कार्बोरेटर: जेट नव्हे, जेटमागची वाट साफ करा

गाडी चोकवर दुसऱ्या किकला चालू होते. चोक काढला की मरते. रेस धरून ठेवली तर राहते, रस्त्यावर पळतेही छान, पण चौकात रेस सोडली की बंद. कोल्हापुरात कुठल्याही गॅरेजात ही तक्रार सांगा, उत्तर ठरलेलं असतं: "कार्बमध्ये कचरा आलाय." कार्ब म्हणजे कार्बोरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. मग कार्ब उतरवतात, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी स्क्रूमध्ये, तार घालतात, तोंडाने फुंकर मारतात आणि परत चढवतात. आठ दिवस बरे जातात, नवव्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या कास्ट आयर्न इंजिनाच्या ३५० बुलेटवर हे मी जवळजवळ वर्षभर सोसलं. त्यानंतर मित्रांच्या, शेजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्या याच दुखण्यातून काढल्या. पुढे लिहिलंय ते मिककार्बच्या व्हीएम जातीच्या कार्बबद्दल, म्हणजे जुन्या बुलेटवर सर्रास दिसणारा, गोल स्लाइडचा. स्लाइड म्हणजे रेस दिली की कार्बच्या गळ्यात वर सरकणारा दट्ट्या.

प्लग, पॉइंट आणि टायमिंग तुम्ही पाहिलंय असं धरून चालतो. एवढंच सांगतो: गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर आपोआप चालू होते, असं असेल तर कार्बला हात लावण्याआधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, ठिणगीच्या कामाचा भाग) बदलून बघा. त्याचा दोष कायम कार्बच्या माथी मारला जातो.

आधी पेट्रोल मोजा

पाइप कार्बच्या बाजूने सोडवा, तोंड मापाच्या बाटलीत धरा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडा आणि एक मिनिट मोजा. हे काम उघड्यावर करा, इंजिन गार असताना. हिशेब सोपा आहे. लिटरला ३० किलोमीटर देणारी गाडी ताशी ६०च्या वेगाने तासाला २ लिटर पिते, म्हणजे मिनिटाला साधारण ३३ मिलिलिटर. चढावर दुप्पट-तिप्पट धरा. त्यामुळे मिनिटाला १५० मिलिलिटरपेक्षा कमी पेट्रोल येत असेल तर मी कार्ब खोलतच नाही. कॉकची जाळी, टाकीतला गंज, पाइप, मध्ये बसवलेला फिल्टर, याच क्रमाने बघतो. कारचा कागदी फिल्टर बुलेटला लावू नका. कारमध्ये पेट्रोल पंपाने ढकललं जातं, इथे ते नुसतं वरून खाली उतरतं. तेवढ्या जोरावर ते कागदातून पुरेसं येत नाही.

ही चाचणी टाकीचं झाकण बंद ठेवूनच करा आणि एका मिनिटावर सोडू नका, अर्धा लिटर तरी जाऊ द्या. झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं असलं तरी पहिली धार चांगलीच पडते. पेट्रोल उतरत जातं तशी आत पोकळी धरते आणि धार दोऱ्याएवढी होते. झाकण उघडल्याबरोबर फुस्स आवाज आला आणि धार पुन्हा जाड झाली तर दोष सापडला. शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत उत्तम जाणारी आणि वाघबीळच्या पुढे पन्हाळ्याचा चढ लागला की मान टाकणारी गाडी आली, तर मी सगळ्यात आधी झाकण बघतो.

पाइपचं म्हणाल तर माशांच्या टाकीला लावतात तो पारदर्शक पाइप वापरू नका. वर्षभरात तो पिवळा पडतो, कडक होतो आणि टोकाला चिरतो. तो गरम इंजिनावर ठिबकला तर काय होईल ते सांगायला नको. पेट्रोलसाठीचाच रबरी पाइप घ्या, व्हायटनचा, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या खास रबराचा, मिळाला तर उत्तम. जुना तुकडा दुकानात सोबत न्या, म्हणजे मापाचा घोळ होत नाही. पाइप बसवताना कमान होऊ देऊ नका, कॉकपासून कार्बपर्यंत उतरताच हवा. कमानीत हवा अडकते.

इथेनॉलबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्या भागात हा विषय लगेच जिव्हारी लागतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते बनवणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही आहेत. उसाला त्यातून भाव मिळत असेल तर मला आनंदच आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीतलं रबर आणि कॉकमधलं बूच या पेट्रोलसाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपला पावसाळा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला राळेसारखा थर हेच पेट्रोल सोडवतं आणि कार्बकडे पाठवतं. म्हणून कॉकचं रबर आणि फ्लोटची (कार्बच्या वाटीतल्या तरंगत्या भागाची) पेट्रोल अडवणारी पिन एकदाच नवी बसवून टाका.

दुखणं कुठल्या टप्प्यावर आहे

ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीने खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. मग मोकळ्या रस्त्यावर एकेका खुणेवर मूठ धरून चालवा. बंदपासून पहिल्या आठव्या भागापर्यंत अडखळते तर दोष स्लो जेटच्या (रेस सोडल्यावर पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटच्या) वाटेत, मधल्या पट्ट्यात अडखळते तर स्लाइड आणि तिला लटकलेली सुई, पाऊणच्या पुढे दम तुटतो तर मेन जेट (पूर्ण रेसला पेट्रोल देणारा मोठा जेट) किंवा वर सांगितलेलं पेट्रोल. वेगाने पळते, फक्त स्लोवर राहत नाही, अशा गाडीचा मेन जेट बदलायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

स्लो जेटची वाट

मी अडकलो होतो तो इथे. स्लो जेट मी तीनदा साफ केला. दोनदा नवा घातला. जेट उन्हाकडे धरून बघितला की भोक स्वच्छ गोल दिसायचं, आणि माझी खात्री पटायची की इथे काही दोष नाही. जेट खरोखर स्वच्छच होता. बुजली होती ती त्याच्यामागची वाट.

ही वाट नीट समजून घ्या. कार्बच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल स्लो जेटमधून वर चढतं. एअर स्क्रूवरून, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या बाजूच्या स्क्रूवरून, आलेली हवा त्यात मिसळते. हे मिश्रण कार्बच्या गळ्यात दोन बारीक भोकांतून बाहेर पडतं. एक भोक स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असतं. दुसरं थेट स्लाइडच्या कडेखाली असतं आणि स्लाइड बसलेली असताना ते दिसतच नाही. गाडी स्लोवर राहते ती पहिल्या भोकामुळे. रेस द्यायला सुरुवात केली की दुसरं मदतीला येतं. या दोन्हींतलं एकही अर्धवट बंद असेल तर जेट सोन्याचा घातला तरी उपयोग नाही.

कार्ब उतरवा, स्लाइड आणि वाटी काढा. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. आवळू नका, त्याचं टोक शंकूसारखं असतं आणि दाबलं की बैठक कायमची बिघडते. स्लो जेट खोल खड्ड्यात असतो. खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस नसेल तर तो घासून तसा करून घ्या. खाच एकदा फाटली की जेट बाहेर काढायला उद्यमनगरात लेथवाल्याकडे जावं लागतं. सगळं रबर आणि फ्लोट बाजूला ठेवा.

आता परीक्षा. कार्ब क्लीनरच्या डब्याची नळी एअर स्क्रूच्या भोकात लावा. एका बोटाने स्लो जेटचं भोक दाबा, दुसऱ्याने कार्बच्या एअर फिल्टरकडच्या तोंडावरचं हवेचं छोटं भोक. हे दोन रस्ते बंद केले नाहीत तर फवारा तिकडूनच निघून जातो आणि सगळं साफ असल्याचा भास होतो. मला तोच होत होता. मग गळ्यात बॅटरीचा उजेड टाका आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. दोन स्वतंत्र धारा दिसल्या पाहिजेत. एक धार म्हणजे काम झालेलं नाही. दोन आल्या पण एक लुळी असेल, तरी झालेलं नाही.

डोळ्यांवर चष्मा घाला. बंद वाटेत मारलेला फवारा उलटा येतो आणि सरळ डोळ्यात जातो. माझ्या डोळ्यात गेला होता, दोन दिवस डोळा उघडत नव्हता.

भोक बंद निघालं तर आत काय आहे त्यावर उपाय ठरतो. तपकिरी, चिकट राळ असेल तर तो सुकलेल्या पेट्रोलचा थर आहे. कार्बचा सांगाडा रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा परीक्षा घ्या. पांढरी भुकटी असेल तर आत पाणी गेलेलं आहे. २०१९च्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या कार्बमध्ये मी ती खडूसारखी घट्ट बसलेली बघितली आहे. ती थिनरने हलत नाही. गरम पाण्यात थोडं लिंबूफूल घालून कार्ब त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, त्याहून जास्त नाही, कारण आम्ल त्या धातूलाच खायला लागतं. मग साध्या गरम पाण्याने धुऊन पंक्चरवाल्याकडच्या हवेने आतून कोरडा करा. पहिल्या खेपेला वाट सुटली नाही तर पुन्हा करा. मला एका कार्बला चार खेपा लागल्या.

क्लचच्या केबलची तार भोकात घालू नका. ती पोलादाची, जेट पितळेचा आणि कार्बचा सांगाडा त्याहून मऊ. भोक किंचित मोठं झालं तर जेट बदलता येतो, सांगाडा नाही. घालायचीच असेल तर विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, आणि तीही फिरवू नका, फक्त आत-बाहेर करा.

परत चढवताना

कार्बचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला नटांनी टेकणारा सपाट भाग, काचेवर ठेवून बघा. नट जास्त आवळून आवळून तो मधून वाकलेला असतो, कडेने हवा ओढतो, आणि मग रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ घेतं. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर समान दाबाने घासला की सपाट होतो. ओ-रिंग नवी घाला, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा.

एअर स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा. इंजिन पाच-सात किलोमीटर चालवून गरम करा, मगच पेचकस हातात घ्या. या कार्बवर स्क्रू हवेचा आहे. आत नेला की मिश्रण घट्ट होतं, बाहेर काढला की पातळ. काही दुसऱ्या गाड्यांवर उलटं असतं, त्यामुळे ऐकीव माहितीवर फिरवू नका. इंजिन सर्वात वेगाने आणि स्थिर चालेल तिथे स्क्रू थांबवा, मग स्लाइडच्या स्क्रूने स्लो खाली आणा. पुन्हा एकदा दोन्ही करा.

दोन्ही धारा स्वच्छ, फ्लँज सपाट, तरीही स्लो कधी वर कधी खाली होत असेल तर स्लाइड बोटाने पुढे-मागे हलवून बघा. खडखडत असेल तर स्लाइडचं घर झिजलंय. त्यावर साफसफाईचा उपाय नाही, नवीन कार्ब घ्या.

गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर मी गल्लीच्या तोंडाशीच कॉक बंद करतो. दारात येईपर्यंत वाटी रिकामी होत आलेली असते. उरलेलं इंजिन चालू ठेवून तिथेच संपवतो.