कॉर्डलेस ड्रिल घेतलंय? आधी ती आकड्यांची रिंग फिरवा

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबायला लागलं, म्हणून नवं कोरं कॉर्डलेस ड्रिल घेऊन मी बिजागरीवर चालून गेलो. पहिला स्क्रू दोन सेकंदांत आत गेला आणि मग जागच्या जागी फिरतच राहिला. भोकातून पार्टिकल बोर्डाचा भुसा बाहेर आला. आटे गेले. दुसऱ्या दिवशी आलेल्या सुतारकाकांनी मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, चकच्या, म्हणजे पुढच्या पकडणाऱ्या तोंडाच्या, मागची आकड्यांची रिंग ड्रिलच्या चित्रावरून कर्रकर्र करत 4 वर आणली आणि म्हणाले, "मग हे कशाला दिलंय?" मोठ्या झालेल्या भोकात फेव्हिकॉल लावून त्यांनी गुल काढलेल्या आगकाड्या ठोकल्या, संध्याकाळपर्यंत वाळू दिल्या आणि तोच स्क्रू हाताने पिळून बसवला. दार अजून तरी पडलेलं नाही.

त्या दिवशी कळलं, की हे दिसायला एक असलं तरी दोन हत्यारं आहेत. एक भोक पाडणारं, दुसरं स्क्रू पिळणारं. पहिल्याला वेग लागतो, दुसऱ्याला वेळेवर थांबणं. घरगुती कामातल्या बहुतेक चुका पहिलं हत्यार दुसऱ्याच्या कामाला लावल्याने होतात.

मशीनची ओळख

रिंगवर 1 पासून 15-20 पर्यंत आकडे, पुढे ड्रिलचं चित्र आणि बऱ्याच मशीनवर हातोडीचंही चित्र असतं. आकडा जितका लहान तितका कमी जोर लागताच आतला क्लच सुटतो, 'कटकटकट' आवाज येतो आणि बिट, म्हणजे चकमध्ये बसवलेली सळी, फिरायचं थांबतं. म्हणजे स्क्रू बसला. ड्रिलच्या चित्रावर क्लच कधीच सुटत नाही, तुम्ही बोट काढेपर्यंत मशीन पिळतच राहतं. हातोडीच्या चित्रावर फिरण्यासोबत ठोकेही बसतात. ते फक्त वीट आणि काँक्रीटसाठी. लाकूड, लोखंड किंवा टाइल्सवर हातोडी चुकूनही नको.

वरच्या सरकत्या बटणावर 1 आणि 2 असे गिअर असतात. 1 म्हणजे हळू पण ताकदीचा, 2 म्हणजे वेगवान. स्क्रू नेहमी 1 वर, लहान भोकं 2 वर. गिअर बदलताना मशीन पूर्ण थांबलेलं हवं, नाहीतर आतले दाते बोलतात.

ट्रिगरच्या वर आरपार सरकणारं बटण दिशा ठरवतं. ते मधोमध ठेवलं की ट्रिगर लॉक होतो. मशीन खाली ठेवताना, शिडीवरून उतरताना, दुसऱ्याच्या हातात देताना ते मध्ये असू द्या. बिट बदलताना तर मी बॅटरीच काढतो. पाच सेकंदांचं काम आहे.

बिट बसवणं

चकचे तीन जबडे उघडा, बिट मधोमध सरळ बसवा आणि कॉलर हाताने घट्ट पिळा. चक मुठीत धरून ट्रिगर दाबत आवळायची एक पद्धत तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. तळहाताचं कातडं नको असेल तर ती करा. बॅटरी लावून मशीन अगदी हळू फिरवून पाहा. बिटचं टोक हवेत गोल काढत असेल, तर ते दोनच जबड्यांत अडकलंय. काढून पुन्हा बसवा.

मधे अणकुचीदार सुई असलेलं बिट लाकडाचं. सरळ टोकदार, पूर्ण पोलादी बिट लोखंडाचं, ते लाकडालाही चालतं. टोकाला चपटा, दांड्यापेक्षा जरा रुंद तुकडा बसवलेलं बिट भिंतीचं. लोखंडाचं बिट भिंतीत घातलंत, तर एका भोकात त्याची धार संपते.

भिंतीत भोक पाडताना

आधी भिंत वाचा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली, गीझर आणि एसीच्या पॉइंटच्या रेषेत भोक पाडू नका, वायरींचे पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात. जुन्या इमारतींत ते तिरकेही निघतात. खात्री नसेल तर मेन स्विच बंद करा. माझ्या मते कॉर्डलेसचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे आणि तो कोणी सांगत नाही. घराची वीज बंद असतानाही हे मशीन चालतं. काम तेवढं दिवसाउजेडी काढा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत नळाचे पाइप असतात, हेही लक्षात ठेवा.

समजा, पडद्याच्या रॉडचा ब्रॅकेट बसवायचाय. भोकात ठोकायचा, स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिक प्लग 6 मिमीचा असेल तर बिटही 6 मिमीचं. प्लग 30 मिमी लांब असेल तर भोक 35 ते 40 मिमी खोल. टोकापासून तेवढ्या अंतरावर बिटला रंगीत टेप गुंडाळा, टेप भिंतीला टेकला की थांबायचं. खुणेच्या खाली कागदाची घडी घालून खिसा चिकटवा, लाल भुकटी त्यात पडेल आणि पलंगावरची चादर वाचेल.

डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तो नंबरचा नव्हे, बाजूने बंद असलेला. डोक्याच्या वर भोक पाडताना तर नक्कीच. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस आवरून घ्या. सुती हातमोजे घालू नका. फिरत्या बिटमध्ये धागा अडकला की तो बोटासकट ओढला जातो.

सुरुवात हातोडीशिवाय, अगदी हळू. बिटने गिलाव्यात खळगा केला की हातोडीवर आणा. एक हात मुठीवर, दुसरा मशीनच्या पाठीवर, मनगट आणि बिट एका रेषेत. जोर लावायचा तो सरळ, रेटून नाही. अधूनमधून फिरतं बिट बाहेर ओढा म्हणजे भुकटी निघते. उभं राहायला पक्की शिडी घ्या, प्लास्टिकची खुर्ची नको. बिट आत अडकलं की मशीन उलट मनगट पिरगाळतं, आणि 18 व्होल्टच्या चांगल्या मशीनमध्ये तोल घालवण्याइतकी ताकद नक्की असते. अशा वेळी ट्रिगर सोडा, दिशा उलटी करा आणि हळू बाहेर या.

गिलावा संपून बिट पुढे सरकायचंच थांबलं तर समोर काँक्रीटचा बीम किंवा कॉलम असू शकतो. तिथे रेटू नका. सळई लागली असेल तर ती कापायचीही नाही, जागा दोन-तीन इंच सरकवा. हल्लीच्या काही इमारतींत सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, त्यांना छोटं कॉर्डलेस पुरत नाही. तिथे रोटरी हॅमर, म्हणजे जोरदार ठोके देणारं मोठं ड्रिल, असलेला माणूस बोलवावा, त्यात कमीपणा नाही.

टाइल्सवर खुणेच्या जागी मास्किंग टेप चिकटवा म्हणजे टोक घसरत नाही. टाइलचं बिट, हळू वेग, हातोडी बंद. टाइल पार झाली की मग भिंतीचं बिट.

स्क्रू पिळताना

लाकडात स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्या. 4 मिमीच्या स्क्रूला 2.5 ते 3 मिमीचं भोक पुरतं. कडेजवळ हे केलं नाही तर प्लाय उकलतो.

मग बिट. फुलीच्या डोक्याला बहुतेकदा पीएच 2 (फिलिप्स) बिट लागतं. पण फर्निचरच्या कित्येक स्क्रूंवर फुलीच्या मधे आणखी चार बारीक रेघा दिसतात, त्यांना पीझेड 2 (पोझिड्राइव्ह) बिट. दोन्ही वरवर सारखी दिसतात आणि एकाच्या जागी दुसरं वापरलं की बिट उसळून स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. बिट डोक्यात घालून हलवून पाहा. खुळखुळत असेल तर चुकीचं आहे.

रिंग 2 किंवा 3 वर, गिअर 1 वर. सुरुवातीचे एक-दोन वेढे हाताने द्या. मशीन स्क्रूच्या रेषेत सरळ धरून मागून दाबा आणि ट्रिगर हळू दाबत न्या. डोकं वर राहून क्लच कटकटला तर रिंग एकाने वाढवा. डोकं पृष्ठभागाला टेकतं आणि त्याच वेळी क्लच सुटतो, तो तुमचा आकडा. पार्टिकल बोर्डात तो बहुधा लहानच असतो, सागवानात मोठा. हे आकडे मशीनगणिक वेगळे, त्यामुळे माझा 4 तुमच्याकडे 6 असेल. आधी टाकाऊ फळीवर पाहून घ्या.

डोकं गुळगुळीत झालेला स्क्रू काढायचा असेल तर बिट आणि स्क्रूच्या मधे रुंद रबरबँड ठेवा, मागून जोर लावा आणि अगदी हळू उलटं फिरवा. दहातले काही निघतात. उरलेल्यांना पक्कड.

बॅटरी

लिथियमची बॅटरी पूर्ण संपेपर्यंत पिळू नका, वेग पडला की लावा चार्जिंगला. काम करून गरम झालेली असेल तर आधी निवू द्या. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. महिनोन्‌महिने काम नसेल तर अर्धी भरलेली, मशीनपासून वेगळी काढून ठेवा. सुटे खिळे-स्क्रू असलेल्या डब्यात मात्र टाकू नका, धातू टोकांना लागला की ती शॉर्ट होते.