बालपणीचा सिनेमा-गेम पुन्हा खेळून त्याची पारख कशी करावी

चित्रपटाच्या जोडीने बाजारात आलेल्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की वाद लगेच दोन टोकांना जाऊन बसतो. एका बाजूचे म्हणणे असते की हे सगळे गेम पोस्टरवरच्या नावाच्या जोरावर खपवलेला माल होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असते की प्लेस्टेशन २ च्या काळात असे जे गेम निघाले, तसे पुन्हा झालेच नाहीत. दोन्ही बाजूंकडे आठवणी भरपूर असतात, पण ज्या गेमवरून वाद चालला आहे तो अलीकडे पुन्हा खेळलेला माणूस त्यात क्वचितच सापडतो. असा एखादा गेम आज पुन्हा हाती घेऊन त्याच्याविषयी खात्रीने बोलता येईल इतपत पारख कशी करावी, हे येथे मांडत आहे. यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पहिल्याच टप्प्यात येते, म्हणून त्या टप्प्यावर मी अधिक वेळ घेणार आहे.

आपण नेमका कोणता गेम खेळलो होतो, हे आधी शोधा

एकाच चित्रपटाचा, एकाच नावाचा आणि एकाच मुखपृष्ठाचा गेम वेगवेगळ्या यंत्रांवर पूर्णपणे वेगळा असू शकतो. २००४ सालचा ‘स्पायडर-मॅन २’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूबवरचा गेम ट्रेयार्क या स्टुडिओने केला होता, तर पीसीवरचा गेम फिझ फॅक्टर नावाच्या दुसऱ्याच स्टुडिओने लहान मुलांसाठी सोपा करून बनवला होता. ट्रेयार्कच्या गेममध्ये जाळ्याचा धागा आकाशात कुठेतरी न अडकता खऱ्याखुऱ्या इमारतीलाच चिकटतो. त्यामुळे झोका कोणत्या बाजूला जाईल, किती मोठा होईल आणि धागा कोणत्या क्षणी सोडला तर उंची मिळेल किंवा वेग मिळेल, हे सर्व खेळणाऱ्याच्या हातात राहते. पाण्यावर गेलात तर धागा लावायला काहीच नसते आणि तुम्ही खाली पडता. ही झोक्याची पद्धत जेमी फ्रिस्ट्रॉम यांनी घडवली आणि आजही जाणकार तिचे नाव आदराने घेतात. पीसीच्या आवृत्तीत झोके होते, पण ही मोकळीक नव्हती.

आता याचा आपल्याशी संबंध पाहा. त्या काळात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत कन्सोलपेक्षा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रापेक्षा, पीसी अधिक होता आणि सायबर कॅफेतही पीसीच असत. त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांच्या आठवणीतला ‘स्पायडर-मॅन २’ हा फिझ फॅक्टरचा आहे, तर इंग्रजी लेखांत आणि व्हिडिओंत ज्याची स्तुती चालते तो ट्रेयार्कचा आहे. पुण्यातला एक जण ‘त्या गेममध्ये काहीच नव्हते’ म्हणतो आणि न्यू जर्सीत वाढलेला त्याचा मावसभाऊ ‘तसा गेम पुन्हा झाला नाही’ म्हणतो, तेव्हा बहुधा दोघेही खरे बोलत असतात.

‘अलादीन’चेही असेच आहे. १९९३ साली सेगाच्या कन्सोलसाठी व्हर्जिनने डेव्हिड पेरी यांच्या चमूकडून एक गेम करून घेतला, ज्यात डिझ्नीच्या अ‍ॅनिमेशन कलाकारांनी हाताने काढलेली चित्रे वापरली गेली आणि अलादीनच्या हातात तलवार होती. त्याच वर्षी सुपर निन्टेन्डोसाठी कॅपकॉमने वेगळाच गेम काढला. त्याची रचना शिंजी मिकामी यांची होती आणि त्यात भर उड्या मारण्यावर व लोंबकळत पुढे जाण्यावर होता. यांतला कोणता चांगला, हा वाद तीस वर्षे चालू आहे. ‘हॅरी पॉटर’च्या २००१ सालच्या पहिल्या गेमचीही पीसीची आवृत्ती नोवंडर या स्टुडिओची, तर प्लेस्टेशनची अर्गोनॉटची होती. माउस फिरवून मंत्राची आकृती गिरवल्याचे आठवत असेल, तर आपण पीसीचा गेम खेळला होता.

म्हणून पहिले काम असे करा. गेमचे नाव, यंत्र, वर्ष आणि स्टुडिओ या चार गोष्टी कागदावर लिहून काढा. स्टुडिओ आठवत नसेल तर सीडीच्या पाठीमागे किंवा गेम सुरू होताना येणाऱ्या चिन्हांत त्याचे नाव सापडते. वितरक आणि निर्माता स्टुडिओ यांत गल्लत करू नका, कारण डब्यावर मोठ्या अक्षरांत बहुधा वितरकाचे नाव असते.

त्याला किती वेळ मिळाला होता

दुसरी गोष्ट म्हणजे गेमच्या निर्मितीला मिळालेला वेळ. चित्रपट प्रदर्शित होण्याची तारीख ठरलेली असते आणि गेम त्याच आठवड्यात दुकानात हवा असतो. गेम अर्धवट असला तरी ती तारीख हलत नाही. डब्याच्या पाठीमागे छापलेले गेमचे वर्ष आणि चित्रपटाचे वर्ष यांतले अंतर पाहिले, तरी पुष्कळ काही कळते.

या प्रकारातला सर्वांत बदनाम गेम म्हणजे अटारी २६०० या कन्सोलवरचा १९८२ चा ‘ई. टी.’. चित्रपट त्या वर्षी जूनमध्ये आला, हक्कांची बोलणी जुलैच्या अखेरीस पूर्ण झाली आणि नाताळच्या विक्रीसाठी गेम हवा असल्याने अटारीचे प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्या हाती साधारण पाच आठवडे उरले. त्यांनी आठ किलोबाइटच्या काडतुसात (कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये) तो एकट्याने लिहून दिला. त्याआधीचा त्यांचा ‘यार्स रिव्हेंज’ हा अटारीच्या उत्तम गेममध्ये गणला जातो, तेव्हा माणूस अकुशल होता असे म्हणता येत नाही. न विकलेली काडतुसे १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो येथे पुरली गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये ती उकरून काढण्यात आली. त्या खड्ड्यात अटारीचे इतर अनेक गेमही निघाले. अमेरिकेतला गेमचा धंदा १९८३ मध्ये कोसळला त्याचे खापर एकट्या ‘ई. टी.’वर फोडले जाते, पण बाजारात गरजेपेक्षा कितीतरी जास्त गेम येऊन पडले होते हे त्यामागचे मोठे कारण होते.

दुसऱ्या टोकाला जेम्स बाँडच्या चित्रपटावरचा ‘गोल्डनआय ००७’ आहे. चित्रपट नोव्हेंबर १९९५ चा आणि रेअर या स्टुडिओचा निन्टेन्डो ६४ वरचा गेम ऑगस्ट १९९७ चा. जवळजवळ पावणेदोन वर्षांचा हा उशीर चालवून घेतला गेला, म्हणूनच मार्टिन हॉलिस यांच्या बहुतांशी नवख्या चमूला हवा तसा गेम घडवता आला. चार जणांनी एकाच पडद्यावर खेळायचा जो भाग सर्वांच्या लक्षात राहिला, तो तर कामाच्या शेवटच्या टप्प्यात जोडला गेला. तारखेच्या दडपणाखाली तो राहिला नसता, असे मला ठामपणे वाटते.

वेळ कमी असूनही चांगला गेम निघण्याचा एक मार्ग आहे, तोही तपासा: गेमने चित्रपटाचीच गोष्ट सांगितली आहे की स्वतःची? २००४ सालचा ‘एस्केप फ्रॉम बुचर बे’ हा गेम ‘द क्रॉनिकल्स ऑफ रिडिक’ या चित्रपटाबरोबरच आला, पण त्याने चित्रपटाच्या आधीची, तुरुंगातून सुटकेची वेगळी गोष्ट घेतली आणि चित्रपटापेक्षा त्याचेच अधिक कौतुक झाले.

खेळायला बसण्याआधीची तयारी

येथे तांत्रिक अडचणी येतात आणि त्यांचा दोष गेमच्या माथी मारला जातो. जुन्या पीसी गेमच्या पुष्कळ सीड्यांवर सेफडिस्क नावाचे चोरीविरोधी कुलूप होते. ते ज्या प्रणालीवर चाले ती सुरक्षेच्या कारणाने विंडोज १० मध्ये ठेवलेलीच नाही, त्यामुळे मूळ, विकत घेतलेली सीडीसुद्धा आज चालत नाही. विंडोज एक्सपी असलेला एखादा जुना संगणक घरात धूळ खात असेल तर तो भंगारात देऊ नका, कारण या कामासाठी त्याच्यासारखे साधन नाही. गेम सुरू झालाच, तर पडद्याचा वेग तपासा. त्या काळातले काही गेम आजच्या वेगवान यंत्रावर सेकंदाला अपेक्षेपेक्षा अधिक चित्रे दाखवू लागतात आणि मग पात्राच्या उड्या, पडणे, धडका हे सगळेच बिघडते. चित्रांचा वेग साठवर, आणि तरीही गडबड वाटली तर तीसवर बांधून घ्या.

कन्सोलचे गेम असतील तर पॅल आणि एनटीएससी या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धतींतला भेद ध्यानात ठेवा. भारत आणि युरोप पॅल पद्धतीचे, अमेरिका व जपान एनटीएससीचे. सुपर निन्टेन्डोच्या काळातले अनेक पॅल गेम नीट जुळवून न घेतल्यामुळे मूळ वेगापेक्षा सुमारे एक षष्ठांशाने हळू चालत. आपल्याला एखादा गेम लहानपणी संथ वाटला असेल, तर त्यामागे हेही कारण असू शकते. आजच्या टीव्हीवर खेळत असाल तर ‘गेम मोड’ सुरू करा, नाहीतर बटण दाबणे आणि उडी यांत अंतर पडते.

काही गेम नव्याने आणि कायदेशीररीत्या मिळतात. ‘अलादीन’ आणि ‘लायन किंग’ यांची एकत्र आवृत्ती डिजिटल इक्लिप्सने २०१९ मध्ये आणली आणि २०२१ च्या वाढीव आवृत्तीत कॅपकॉमचा ‘अलादीन’ही आला, त्यामुळे दोन्ही एकापाठोपाठ खेळून पाहता येतात. ‘गोल्डनआय’ जानेवारी २०२३ मध्ये परतला. इतर पुष्कळ गेम मात्र हक्कांचा करार संपला की दुकानांतून उतरतात, म्हणून वापरलेली सीडी मिळाली तर घेऊन ठेवावी.

खेळताना काय पाहावे

गेमसोबत येणारी पुस्तिका आधी वाचा. ही सूचना साधी वाटेल, पण ‘ई. टी.’च्या बाबतीत तिने मत बदलू शकते. पडद्याच्या वरच्या कडेला एक छोटे चिन्ह उमटते आणि आपण उभे आहोत त्या जागेवर बटण दाबल्यास काय होईल हे ते सांगते: कुठे उडून दुसऱ्या पडद्यावर जाता येते, कुठे पाठलाग करणारा माणूस परत पाठवता येतो, कुठून अंतराळयानाला फोन लावता येतो. पुस्तिकेविना ती चिन्हे निरर्थक वाटतात आणि गेमही तसाच वाटतो. पुस्तिका वाचूनही जे खटकते तो खरा दोष समजावा. तो दोष गेममधल्या खड्ड्यांचा आहे. ई. टी.चे पाय काठापासून दूर असले, तरी त्याच्या चित्रातला डोक्याचा भाग खड्ड्याला लागला की तो आत पडतो. मान उंच करून तरंगत वर यावे, तर काठावर आल्यावर किंचित चुकीच्या दिशेला वळले की पुन्हा आत. हा दोष घाईचा आहे. चिन्हांची कल्पना मात्र त्या काळाच्या मानाने धाडसी होती.

पहिला तास कोणतेही मत बनवू नका. हाताला जुनी बटणे सरावायला तेवढा वेळ लागतोच. हातातल्या नियंत्रकावर दिशा देणारी एकच काठी असल्याने ‘गोल्डनआय’ आज प्रथम हाती घेणाऱ्याला तो अवघडलेला वाटेल. तो सराव झाला की काठिण्यपातळी वाढवून पाहा. तेथे शत्रू तर अधिक कठीण होतातच, पण कामगिरीची उद्दिष्टेही वाढतात, आणि ओळखीच्या इमारतीतले न पाहिलेले कोपरे गाठावे लागतात. ही रचना आजही उत्तम आहे. स्फोटांच्या वेळी चित्र अडखळते, तेही नोंदवा.

त्यानंतर पुनरावृत्ती मोजा. ‘स्पायडर-मॅन २’मध्ये शहरभर फिरताना तीच चोरी, तोच फुगा हरवलेला मुलगा, तीच पिझ्झा पोहोचवण्याची धावपळ पुन्हा पुन्हा येते. झोक्यांचा आनंद एवढा आहे की लहानपणी हे जाणवत नाही, मोठेपणी तासाभरात जाणवते. हा दोष मान्य करूनही झोक्यांची थोरवी कमी होत नाही.

अवघडपणाकडे पाहताना व्यवहाराची बाजू लक्षात घ्या. ‘लायन किंग’ची दुसरी लेव्हल असंख्य मुलांना पार करता आली नाही. अमेरिकेत गेम भाड्याने मिळत आणि भाड्याच्या दोन दिवसांत तो संपू नये म्हणून तो अवघड ठेवला गेला, असे तो बनवणाऱ्या वेस्टवुडचे लुई कॅसल यांनी पुढे सांगितले. तेव्हा ती लेव्हल पार न होणे हे ना आपल्या हातांचे अपयश, ना रचनाकाराचे अज्ञान.

मत लिहिताना

शेवटी तीन वेगळी वाक्ये लिहा. गेम म्हणून तो कसा आहे, चित्रपटातले नेमके काय त्याने पकडले आहे, आणि तो आपल्याला प्रिय का आहे. २००९ चा ‘वुल्व्हरिन’चा रेव्हन स्टुडिओचा गेम घ्या. लढताना नायकाच्या अंगावरचे मांस फाटते, आतली हाडे दिसतात आणि आपण थांबून पाहिले तर डोळ्यांदेखत जखम भरून येते. चित्रपटाला या पात्राची वेदना एवढी दाखवता आली नाही. हे दुसऱ्या वाक्यात जाईल. त्याच त्या शत्रूंशी वारंवार लढावे लागते, हे पहिल्यात. आणि तो आपण दहावीच्या सुट्टीत मित्राच्या घरी खेळलो, हे तिसऱ्यात. तिसरे वाक्य लपवण्याची गरज नाही, ते पहिल्याच्या जागी घालू नये एवढेच.

आपल्याकडच्या गेमविषयी अशा नोंदी फारच थोड्या आहेत. ‘गजनी’चा पीसी गेम २००८ मध्ये हैदराबादच्या एफएक्सलॅब्सने केला आणि ‘रा.वन’चा प्लेस्टेशनवरचा गेम २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइनने. हे गेम ज्यांच्याकडे अजून असतील त्यांनी सीडीची प्रत काढून ठेवावी, मुखपृष्ठ दोन्ही बाजूंनी स्कॅन करावे, आणि वर सांगितल्याप्रमाणे यंत्र, आवृत्ती व तीन वाक्ये लिहून ठेवावीत.