'मायसेल्फ' कुठे लावायचं, कुठे नाही

संध्याकाळच्या वर्गात नवीन मुलगा उभा राहिला की पहिलं वाक्य ठरलेलं: 'मायसेल्फ प्रशांत.' हसत नाही मी. माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही हेच म्हणाले होते, तेही ताठ मानेनं. तिथे 'आय ॲम प्रशांत' एवढंच हवं. मायसेल्फ एकटं कर्ता होत नाही.

मग वापरायचं कधी? आधी मराठीत विचारा, काम कोणी केलं आणि ते कोणावर झालं? माणूस एकच असेल तर सेल्फवालं रूप. दाढी करताना ब्लेड लागलं, तर 'ही कट हिमसेल्फ'. 'ही कट हिम' म्हणालात तर पोलीस केस, कारण मग त्यानं दुसऱ्याच कुणाला तरी कापलंय!

आपलं 'स्वतःला' मी, तू, ती, ते सगळ्यांना चालतं. इंग्रजीत ते माणसागणिक बदलतं, आणि तेही सरळ नाही. मायसेल्फमध्ये 'माय' आहे म्हणून 'हिजसेल्फ', 'देअरसेल्व्ज' करू नका, हिमसेल्फ, देमसेल्व्ज. हे पाठच करावं लागतं.

'यू'ची गंमत वेगळी. एकाला युवरसेल्फ, अनेकांना युवरसेल्व्ज. आपण मोठ्यांना अहो-जाहो करतो, म्हणून एक मुलगी सासऱ्यांपुढे ताट ठेवून 'हेल्प युवरसेल्व्ज' म्हणाली. मान कितीही द्या, माणूस एकच आहे ना? युवरसेल्फ.

जागा किंवा सोबत सांगताना मात्र नियम ढिला पडतो. 'मी सोबत डबा आणला' म्हणजे 'आय ब्रॉट माय टिफिन विथ मी'. माणूस तोच, तरी 'विथ मायसेल्फ' नाही. 'तिनं पर्स शेजारी ठेवली' याचंही तसंच, 'बिसाइड हर'.

काही क्रियापदं हट्टी असतात. दाढी केली, अंघोळ केली याला नुसतं 'आय शेव्ह्ड', 'आय बेद्ड' पुरे. एन्जॉयला मात्र पुढे काहीतरी लागतंच. 'आय एन्जॉय्ड अ लॉट' अर्धवट. 'आय एन्जॉय्ड मायसेल्फ' किंवा 'आय एन्जॉय्ड द ट्रिप' म्हणा.

ऑफिसच्या मेलमध्ये भारदस्त वाटावं म्हणून 'प्लीज कॉल सुनील ऑर मायसेल्फ' लिहिलं जातं. 'सुनील ऑर'वर अंगठा ठेवा आणि उरलेलं मोठ्यानं वाचा: 'प्लीज कॉल मायसेल्फ'. खटकलं? मग 'प्लीज कॉल सुनील ऑर मी' लिहा.