नेत्याला मार्क द्यायचेत? आधी तारखा मांडा

प्राथमिक आरोग्य केंद्रात रजिस्टरं भरण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे कोविड मोदींनी कसा हाताळला यावर कट्ट्यावर वाद पेटला की मी म्हणतो, वही काढा.

तीन रकाने पाडा: तारीख, त्या दिवशी काय माहीत होतं, त्यांनी काय केलं. भाषणांना रकाना नाही.

२४ मार्च २०२०. रात्री आठला घोषणा, बारापासून देश बंद. रुग्ण जेमतेम पाचशेच्या घरात, त्यामुळे उशीर केला असं मी म्हणणार नाही. पण परगावचा मजूर चार तासांत जाणार कुठं? २६ मार्चला मोफत धान्य जाहीर झालं, तेही लिहा. श्रमिक रेल्वे सुटायला मात्र १ मे उजाडला. ८ मेला औरंगाबादेतल्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले.

१७ एप्रिल २०२१ ला अख्खी ओळ द्या. रोजचे नवे रुग्ण दोन लाखांवर. सकाळी कुंभमेळा प्रतीकात्मक ठेवा असं आवाहन, आणि त्याच दिवशी पश्चिम बंगालात आसनसोलला निवडणुकीची प्रचारसभा, वर गर्दीचं कौतुक. असा दिवस सापडला की मी खाली लाल रेघ मारतो.

दोष देण्याआधी काम कुणाचं ते बघा. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय, तालुक्यातल्या खाटांचा जाब मुंबईत विचारायचा. लशीचं धोरण दिल्लीचं. २०२१ च्या १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाची लस राज्यांच्या गळ्यात घातली, ७ जूनला ते मागं घेतलं. चूक सव्वा महिन्यात सुधारली, याचे मी मार्क देतो. २१ ऑक्टोबरला शंभर कोटी डोस झाले, त्याचेही.

आता मृत्यू. २०२१ अखेर सरकारी आकडा पाच लाखांच्या आत, तर नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाख. सरकारनं तो अमान्य केला. इथं दोन्ही बाजूंचे लोक हमरीतुमरीवर येतात. तुम्ही ग्रामपंचायतीत जा. मृत्यूचं कारण रजिस्टरात धड नसतं, पण वारसनोंदीला दाखला लागतो म्हणून नोंद बहुधा होतेच. २०१९ आणि २०२१ चे एप्रिल-मे शेजारी ठेवा. ग्रामसेवक टोलवाटोलवी करू लागला, तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.