फोटो रंगीत ठेवायचा की कृष्णधवल? असं ठरवा

जेजुरीच्या सोमवती यात्रेचे फोटो यासाठी उत्तम. दोन्ही बाजूंची उदाहरणं एकाच मेमरी कार्डावर सापडतात.

आधी रंग नीट करून घ्या. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल) आणि एक्स्पोजर (एकूण उजेड) न सुधारता निर्णय घेऊ नका. फोटो मेलेला वाटतो म्हणून लोक तो कृष्णधवल करतात, आणि दोष असतो फक्त निळसर झाकेचा.

मग बघा, रंग काढल्यावर मागे काय उरतं. पडद्यावरच्या उजळपणाच्या प्रमाणित सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. त्यामुळे उधळलेला भंडारा करड्या छटांत जवळजवळ पांढरा होतो, सदऱ्यांवर दिसेनासा होतो आणि गर्दी पिठात लोळून आल्यासारखी वाटते. हा फोटो रंगीतच ठेवा. हिरव्या झाडीपुढचं लाल लुगडंही तपासा; दोन्हींचा उजळपणा सारखा असेल तर ते झाडीत विरून जातं.

उलट, पायरीवर बसलेला म्हातारा वाघ्या, बाजूने येणारं ऊन, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, आणि मागे कुणाची तरी भडक निळी प्लास्टिकची पिशवी. इथे रंग काढलात तर नजर थेट चेहऱ्यावर जाते.

कृष्णधवल ठरलं, तर नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, शून्य करू नका. संगणकावर फोटो सुधारण्याच्या लाइटरूम क्लासिकमध्ये ‘व्ही’ दाबा आणि ब्लॅक अँड व्हाइट मिक्सर उघडा. नारिंगी स्लायडर वाढवला की त्वचा उजळते, निळा उतरवला की आकाश गडद होतं. निळा फार खेचलात तर आकाशात दाणे आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते, तिथेच थांबा. मोबाइलवर स्नॅपसीड ॲपच्या ब्लॅक अँड व्हाइट टूलमधले रंगीत फिल्टर साधारण हेच काम करतात.

सगळं करडं आणि भंडारा तेवढा पिवळा, हा प्रकार मला तरी जुन्या लग्नाच्या अल्बमसारखा वाटतो.

रात्री हॅलोजन आणि एलईडीचा मिश्र उजेड एकाच चेहऱ्यावर पडला असेल, तर खुशाल कृष्णधवल करा. हललेला फोटो मात्र त्यानेही सुधारत नाही. आणि शूटिंग रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्येच करा: कॅमेऱ्यातच मोनोक्रोम लावून नुसता जेपेग काढलात, तर त्यातला रंग परत मिळत नाही.