मानवाधिकारांचा सिद्धान्त शिकताय? सुरुवात हक्कसोडपत्रापासून करा

एमएला मानवाधिकार घेतलेली धुळे-जळगावकडची मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या वहीत दोन रकाने आखलेले असतात : इकडे सार्वत्रिकतावाद (हक्क सगळ्या माणसांना सारखेच), तिकडे सांस्कृतिक सापेक्षतावाद (हक्क त्या त्या संस्कृतीच्या मापानं बघावेत). परीक्षेपुरतं ते भागतं. विषय कळायला हवा असेल, तर प्रत्येक वादात आधी हे शोधा, की 'ही आमची संस्कृती' असं कोण म्हणतंय आणि त्याच घरात गप्प कोण बसलंय.

उदाहरण म्हटलं की मुलं थेट सातपुडा चढतात. धडगाव, अक्कलकुवा, डाकीण म्हणजे चेटकीण ठरवून बाईचा छळ. तो प्रश्न जीवघेणा आहेच. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळासाठीही आहे. पण जिथे आपण कधी राहिलो नाही, तिथल्या रूढींवर निकाल देणं फार सोपं असतं. म्हणून मी आधी घरचं उदाहरण आणायला लावते.

माझं हे : अमळनेर तालुक्यात आमच्या नात्यात वडील वारले, सातबाऱ्यावर वारस लागले आणि बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर सह्या करायला बोलावलं. पिशवीत दोन साड्या आधीच घेऊन ठेवलेल्या. काकू अहिराणीत म्हणाल्या, "आमनामा आसंच ऱ्हास." आमच्यात असंच असतं. धाकटीनं अंगठ्याला शाई लावून घेतली आणि भावाला हळूच विचारलं, "सही नाही केली, तर आखाजीला मुऱ्हाळी येईल ना?" (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, मुऱ्हाळी म्हणजे सासरहून माहेरी न्यायला येणारा.) भाऊ काही बोलला नाही. तिनं सही केली.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. सार्वत्रिकतावादी म्हणेल, हक्क तिचा आहे, विषय संपला. सापेक्षतावादी म्हणेल, उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर तिला आसरा माहेरचाच, त्याची किंमत बाहेरच्यानं ठरवू नये. दुसरं म्हणणं झटकून टाकू नका, त्यात तथ्य आहे. पण काकूंचं 'आमनामा' आणि धाकटीचा प्रश्न, दोन्ही एकाच संस्कृतीतून आले. तिची संमती माहेर तुटण्याच्या भीतीनं दिलेली आहे, आणि ही भीती मला तरी संस्कृतीत मोजता येत नाही.

हे मनात ठेवून मूळ कागद वाचा. १९४७ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेनं संयुक्त राष्ट्रांना बजावलं, की मानवी हक्कांचा जाहीरनामा फक्त पश्चिम युरोप आणि अमेरिकेच्या मूल्यांचा होऊ नये. जगाचा मोठा भाग वसाहतींखाली होता. ती सावधगिरी दुबळ्यांच्या बाजूची होती. १० डिसेंबर १९४८ ला आमसभेत त्या जाहीरनाम्यावर मतदान झालं : ४८ बाजूनं, विरोधात कुणी नाही, ८ तटस्थ. तटस्थांमध्ये सौदी अरेबिया होता. धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्यावर त्याचा आक्षेप होता. त्याच सभेत पाकिस्तानच्या जफरुल्ला खान यांनी इस्लामचाच आधार घेऊन त्या कलमाची बाजू मांडली. तटस्थांमध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकाही होती.

मार्च १९९३ ची बँकॉक परिषद मात्र नीट, वेळ काढून वाचा. आशियाई सरकारांनी प्रादेशिक वैशिष्ट्यं आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी ध्यानात घ्या, असं म्हटलं. त्याच शहरात आशियातल्याच स्वयंसेवी संस्थांनी वेगळा जाहीरनामा काढला : स्त्रियांच्या हक्कांसह सार्वत्रिक हक्कांना बाधा आणणाऱ्या प्रथा खपवून घेऊ नका. आशिया तोच, बोलणारे वेगळे. सगळे मानवाधिकार सार्वत्रिक आणि अविभाज्य आहेत, हे व्हिएन्नाच्या जागतिक मानवाधिकार परिषदेत जूनमध्ये मान्य झालं, तेही सांस्कृतिक पार्श्वभूमी लक्षात घेण्याच्या उल्लेखासह. हे दोन्ही एकाच परिच्छेदात आहे. मुलं अर्धाच उद्धृत करतात.

मग सुदानी कायदेपंडित अब्दुल्लाही अन-नईम घ्या. बदलाचा वाद संस्कृतीच्या आतूनच, तिथल्याच लोकांनी घालावा, असं ते मांडतात. सार्वत्रिकतेची बाजू मांडणारे जॅक डॉनेली त्यानंतर वाचा. आधी वाचलात तर वहीतले रकाने परत येतील.

सातपुड्याकडे यायचं ते यानंतर, आणि फक्त डाकीण प्रथेसाठी नाही. २००६ चा वनहक्क कायदा आणि नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल पाहा. तिथे डोंगराची पूजा हा हक्काचाच भाग ठरला, आणि ओडिशातल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. धडगावात कुणाची ओळख असेल तर एखाद्या ग्रामसभेला मागे बसून या. कोण उभं राहून बोलतं आणि बायकांपैकी कोण बोलतं, तेवढं वहीत टिपून आणा.