टीव्ही गेमची कॅसेट लावली की नुसता करडा स्क्रीन: माझा अनुभव

आमचा जुना कॅसेटवाला गेम, ८ बिटचा, ६० पिनांची पिवळी कॅसेट लागते तो. पॉवरचा लाल दिवा लागायचा पण टीव्हीवर नुसता करडा स्क्रीन, कधीकधी तुटके चौकोन, आणि कॅसेट जरा हलवली की मिनिटभर गेम चालून परत बंद. कॅसेट फुंकून झाली (फुंकू नका, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात), अॅडाप्टर बदलला, केबल बदलली. तीन रविवार गेले, जाम वैताग आला.

मग खोलून ७८०५ रेग्युलेटर (अॅडाप्टरचं व्होल्टेज ५ व्होल्टवर आणणारा तीन पिनांचा पार्ट) मीटरने तपासला, मधली पिन आणि उजवी पिन, ४.९८ व्होल्ट, म्हणजे सप्लाय ओके. दोष स्लॉटमध्येच, म्हणजे कॅसेट बसते त्या खाचेत.

अॅडाप्टर काढला. कॅसेटच्या पट्ट्यांवर पांढरा खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवला, जोरात घासलं तर मुलामा निघतो, चुरा ब्रशने झाडला आणि ९९ टक्केवाल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने इअरबड ओला करून पुसलं, इअरबड काळाकुट्ट झाला. मग जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड एकच वेढा गुंडाळून, त्यावर थोडं अल्कोहोल लावून ते स्लॉटमध्ये सरळ वरखाली दहा-बारा वेळा केलं, तिरकं करायचं नाही, जाड कापड तर नकोच, पिना फाकतात. टॉर्च मारून बघितलं तर दोन पिना आत दबलेल्या, त्या शिवणाच्या सुईने केसभर पुढे ओढल्या. वीस मिनिटं सुकू दिलं.

पहिल्याच झटक्यात मेनू आला, आता कॅसेट हलवली तरी गेम अडकत नाही.